सीएमएलच्या गोळ्या: उपचाराचा क्रम, तपासण्यांच्या वेळा आणि हमखास होणाऱ्या चुका

नाशिकमध्ये कर्करोगाच्या औषधांच्या काउंटरवर काम करताना एक प्रसंग मी वरचेवर पाहते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण दोन महिन्यांनी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा कागद घेऊन येतो, त्यावर लाखाच्या घरातल्या पांढऱ्या पेशी सात-आठ हजारांवर आलेल्या असतात आणि तो विचारतो, "ताई, आता गोळी बंद केली तर चालेल ना?" काही जण विचारतसुद्धा नाहीत, परस्पर बंद करतात. सीबीसी सुधारणे हा या उपचाराच्या पहिल्या काही आठवड्या-महिन्यांचा भाग आहे. आजार किती उरला आहे हे सीबीसीला दिसतच नाही, ते पीसीआर तपासणीत, म्हणजे रक्तातल्या आजाराच्या जनुकाच्या मोजणीत दिसते. आणि पीसीआरच्या आकड्याला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा त्याआधीच्या पायऱ्या, म्हणजे पहिल्या तपासण्या, गोळीची वेळ, जेवण, सोबतची औषधे आणि नमुन्याची वाहतूक, नीट झालेल्या असतात. पुढचा क्रम त्यासाठीच लिहिला आहे. औषधाची निवड, मात्रा आणि बदल हे निर्णय रक्तविकारतज्ज्ञांचेच; ते निर्णय बिघडू नयेत म्हणून घरात काय सांभाळायचे, एवढ्यापुरता हा लेख आहे.

## टप्पा १: पहिली गोळी घेण्याआधी

काही नोंदी गोळी सुरू होण्याआधीच घ्याव्या लागतात; नंतर त्या कितीही पैसे खर्चून मिळत नाहीत. पहिली नोंद प्लीहेची, म्हणजे पाणथरीची. ती बरगडीच्या कडेखाली किती सेंटिमीटर लागते हे डॉक्टरांनी हाताने तपासून फाइलमध्ये लिहिलेले असावे, कारण वय, प्लेटलेट, रक्तातल्या अपक्व पेशींचे प्रमाण आणि पाणथरीचा आकार यांवरून आजाराची जोखीम मोजतात. पेशी झपाट्याने उतरवणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल चार दिवस घेऊन झाल्यावर पाणथरी मोजली, तर ते गणित चुकते.

दुसरी नोंद पीसीआरची. निदानाच्या वेळी सीएमएल घडवणारे बीसीआर-एबीएल जनुक आहे की नाही एवढेच न पाहता त्याचा प्रकारही पाहावा लागतो. बहुतेक रुग्णांत तो ई१३ए२ किंवा ई१४ए२ असतो; थोड्या रुग्णांत वेगळा निघतो आणि तो नेहमीच्या मोजणीत पकडला जात नाही. असा प्रकार सुरुवातीला नोंदवला गेला नाही, तर पुढे "आजार आढळला नाही" असा रिपोर्ट येतो आणि आजार मात्र तसाच असतो.

याशिवाय अस्थिमज्जेची तपासणी व गुणसूत्रांचा अहवाल, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, युरिक अॅसिड, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या आधी होतात. हिपॅटायटिस बीची तपासणी लोक टाळतात. हा विषाणू शरीरात दबून राहिलेला असेल, तर या गोळ्यांमुळे तो पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून ती टाळू नये.

तपासून पाहा: फाइलच्या पहिल्या पानावर पाणथरीचा आकार, जोखीम गट, जनुकाचा प्रकार, गोळी सुरू केल्याची तारीख आणि त्या दिवशीचे वजन, या पाच गोष्टी आहेत का? नसतील तर डॉक्टरांना विचारून आजच लिहून घ्याव्यात.

खर्चाची सोयही याच टप्प्यात लावावी. इमॅटिनिब ही सीएमएलची गोळी राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहे आणि त्याची जेनेरिक औषधे सहज मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले औषध कसे बसते हे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून विचारावे. ॲसिमिनिब या सीएमएलच्याच दुसऱ्या गोळीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा बिलात कर लावलेला दिसला तर तिथल्या तिथे विचारावे.

## टप्पा २: डॉक्टरांना स्वतःहून काय सांगायचे

सीएमएलमध्ये दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक जोडजनुक तयार होते आणि त्यापासून बनणारे एंझाइम पांढऱ्या पेशींना सतत वाढीचा हुकूम देत राहते. या गोळ्या त्या एंझाइमला अडवतात. इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब आणि पोनॅटिनिब एंझाइमच्या एकाच खाचेत बसतात. ॲसिमिनिब वेगळ्या खाचेत बसते, त्यामुळे पहिल्या खाचेत बदल होऊन इतर गोळ्या निकामी ठरल्या तरी ते काम करू शकते.

कोणती गोळी निवडायची हे आजाराइतकेच रुग्णाच्या इतर दुखण्यांवर ठरते. डॅसाटिनिबने फुप्फुसाभोवती पाणी साठू शकते, म्हणून जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर तो सांगावा. निलोटिनिबने साखर व कोलेस्टेरॉल वाढू शकते, रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात आणि ईसीजीतला क्यूटी हा अवधी लांबतो, म्हणून मधुमेह, हृदयविकार, तंबाखू आणि घरातल्या कोणाचा तरुणपणी अचानक झालेला मृत्यू, हे सारे सांगावे. पोनॅटिनिबमध्ये रक्तवाहिनी बंद होण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. बोसुटिनिबने जुलाब होतात आणि यकृताचे आकडे वाढतात. तंबाखूबद्दल खोटे सांगणारे नातेवाइकांसमोर खोटे सांगतात असा माझा अनुभव आहे; म्हणून हा प्रश्न डॉक्टरांनी एकट्याला विचारलेला बरा.

इशारा: मूल होण्याच्या वयातील स्त्रीने गोळी सुरू करण्याआधी गर्भधारणा चाचणी करावी आणि उपचारात गर्भनिरोधक वापरावे. दिवस गेल्याची शंका आली तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मूल हवे असेल, तर तो विषय वर्षभर आधी काढावा.

## टप्पा ३: गोळी, जेवण आणि घड्याळ

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण प्रत्येक गोळीचा नियम वेगळा आहे आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा नियम आपल्याला लागू पडत नाही.

१. इमॅटिनिब, सहसा दिवसातून एकदा ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत आणि पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचे. रिकाम्या पोटी घेतले की मळमळ होते, रुग्ण "गोळी सोसत नाही" म्हणतो आणि डोस चुकवू लागतो. चतुर्थी, एकादशी किंवा नवरात्रातल्या उपवासातही हाच नियम आहे. साबुदाण्याची खिचडी किंवा भगर पोटभर खाऊन गोळी घेतली तर चालते, निर्जळी उपवास मात्र चालत नाही.

२. निलोटिनिब नव्या रुग्णाला सहसा ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, साधारण १२ तासांच्या अंतराने देतात. आधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात काही जाता कामा नये, कारण अन्नासोबत ते रक्तात गरजेपेक्षा जास्त उतरते आणि हृदयाच्या ठोक्यांत धोकादायक बिघाड होऊ शकतो. आपल्या घरात हा नियम दुधाच्या चहापाशी मोडतो. मी रुग्णांना असे वेळापत्रक लिहून देते: सकाळी साडेसहाला गोळी, साडेसातला चहा-पोहे; दुपारचा चहा साडेचारच्या आत संपवायचा, संध्याकाळी साडेसहाला गोळी, साडेसातनंतर जेवण. मधल्या वेळेत पाणी तेवढे प्यावे.

३. ॲसिमिनिबचाही नियम तोच: आधी दोन तास, नंतर एक तास काही खायचे नाही. मात्रा सहसा दिवसाला ८० मिलिग्रॅम असते, एकदम किंवा ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. टी३१५आय हा जनुकबदल असेल तर ती कितीतरी मोठी, २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते, त्यामुळे दुसऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीशी आपली चिठ्ठी ताडून पाहू नये.

४. डॅसाटिनिब, सहसा १०० मिलिग्रॅम रोज एकदा, जेवणाआधी किंवा नंतर कधीही चालते. अखंड गिळावे, चावू नये, कुटू नये.

५. बोसुटिनिब जेवणासोबत घ्यायचे.

आता एक चूक जवळून पाहू. निफाडच्या एका शेतकऱ्याला आधी ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी मिळत असे. एका महिन्यात ती नव्हती, म्हणून दुकानातून १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि "रोज चार" हे सांगायचे राहून गेले. त्यांनी महिनाभर रोज एकच घेतली. स्ट्रिप संपली नाही याचा त्यांना आनंदच झाला होता. तेव्हापासून कंपनी किंवा पाकीट बदलले की मी मिलिग्रॅमचा आकडा पाकिटावर पेनने गोल करून देते आणि रोजच्या गोळ्यांची संख्या मोठ्या अक्षरांत लिहिते.

तपासून पाहा: महिन्याच्या शेवटी उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज केलेली खूण आणि उरलेली संख्या जुळत नसेल, तर पुढच्या भेटीत तसे सांगावे. इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णांवर लंडनमध्ये झालेल्या २०१० सालच्या अभ्यासात ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांत चांगला प्रतिसाद मिळण्याची शक्यता फार घसरलेली दिसली. तीस दिवसांत ९० टक्के म्हणजे फक्त तीन चुकलेल्या गोळ्या.

इशारा: गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. गोळी घेतल्यावर उलटी झाली, तरी स्वतःच्या मनाने दुसरी घेऊ नये.

औषध संपत आले की मागवू, हा हिशेब नको. हातात किमान दोन आठवड्यांचा साठा असावा. २०२७ च्या सिंहस्थात पर्वण्यांच्या दिवसांत द्वारका-पंचवटीकडून औषध आणायला जाणे म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगायला नको.

## टप्पा ४: सोबतची औषधे आणि "ग्रेपफ्रूट"

पित्ताची गोळी महाराष्ट्रात कोणी औषध समजतच नाही, म्हणून ती डॉक्टरांना सांगितलीही जात नाही. पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलने पोटातली आम्लता कमी होते, आणि डॅसाटिनिबला विरघळायला ती आम्लता लागते. परिणामी गोळी रोज घेऊनही औषध रक्तात पुरेसे पोहोचत नाही आणि पीसीआरचा आकडा का हलत नाही हे कोणाला कळत नाही. निलोटिनिब आणि बोसुटिनिबलाही या गोळ्या नकोतच. जळजळ असह्य असेल तर डॉक्टरांना विचारून साधे अँटासिड, डॅसाटिनिबच्या किमान दोन तास आधी किंवा दोन तास नंतर घेता येते.

क्षयाचे रिफॅम्पिसिन, फिट्सचे फेनिटॉइन व कार्बामाझेपिन या औषधांमुळे बहुतेक गोळ्यांचा अंमल कमी होतो, तर क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरील काही गोळ्यांमुळे तो वाढतो. ताप-खोकल्यासाठी गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तरी सीएमएलच्या गोळीचे पाकीट सोबत न्यावे. काढे आणि चूर्णे यांबाबत माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नयेत. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची प्रकरणे भारतातच नोंदली गेली आहेत, आणि यकृताचे आकडे वाढले की ते काढ्यामुळे की गोळीमुळे हे ठरवता न आल्याने चांगली चाललेली गोळी थांबवावी लागते.

आता खास नाशिकची चूक. औषधाच्या माहितीपत्रकात "ग्रेपफ्रूट टाळा" असे असते, आणि द्राक्षांच्या या जिल्ह्यात त्याचा अर्थ द्राक्षे असा लावला जातो. दिंडोरीच्या एका बागायतदाराने स्वतःच्या बागेतले द्राक्ष दोन हंगाम तोंडात घातले नव्हते; मनुकेसुद्धा वर्ज्य. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या कुळातले मोठे, कडवट-आंबट फळ आहे. ते आणि पपनस टाळावे, कारण त्यातील घटक ही औषधे शरीरातून बाहेर टाकणाऱ्या एंझाइमला अडवतात. द्राक्षे, मनुके, संत्री, मोसंबी यांना त्यामुळे बंदी नाही.

## टप्पा ५: पहिले तीन महिने

सुरुवातीला सीबीसी साधारण दर दोन आठवड्यांनी होते आणि पेशी स्थिरावल्या की अंतर वाढते. या काळात पेशी गरजेपेक्षा खाली जाऊ शकतात. इमॅटिनिबवर न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १,००० च्या किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्यास डॉक्टर गोळी थांबवतात आणि न्यूट्रोफिल १,५०० व प्लेटलेट ७५,००० यांच्या वर आल्यावर पुन्हा सुरू करतात. थांबवल्याची आणि पुन्हा सुरू केल्याची, दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात. "थांबा" हे ऐकून घरी गेलेला आणि "सुरू करा" हे ऐकायला परतच न आलेला रुग्ण मी पाहिला आहे.

हायड्रॉक्सियुरिया हे फक्त सुरुवातीला पेशी झपाट्याने उतरवण्यासाठी असते. निदान पक्के होऊन मुख्य गोळी सुरू झाल्यावर ते कधी बंद करायचे हे विचारून घ्यावे, नाहीतर जुन्या चिठ्ठीवर ते महिनोन्महिने चालू राहते आणि आपण उपचार घेत आहोत असे वाटत राहते.

इमॅटिनिबने सकाळी पापण्या सुजणे, पोटऱ्यांत गोळे येणे आणि त्वचेचा रंग फिका पडणे हे नेहमीचे आहे. रंग फिका पडला की कोणी कोड समजून घाबरतो, कोणी तब्येत सुधारली म्हणतो. दोन्ही नव्हे, तो औषधाचा परिणाम आहे. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी चहाआधी करावे, कारण अंगात साठणारे पाणी आधी काट्यावर दिसते.

इशारा: धाप लागणे, उताणे झोपता न येणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, चालताना एका पोटरीत दुखून थांबावे लागणे किंवा पाय गार पडणे, डोळे पिवळे होणे, वरच्या पोटात पाठीकडे जाणारी तीव्र कळ, काळी शौच, एका आठवड्यात दोन किलो वजन वाढणे: यांतले काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

## टप्पा ६: पीसीआरचा नमुना आणि त्यावरचा आकडा

पीसीआर दर तीन महिन्यांनी करतात. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. या तपासणीत मोजला जाणारा आरएनए झपाट्याने तुटतो, म्हणून नमुना शक्यतो २४ तासांत, फार तर ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. नमुना नाशिकहून मुंबई-पुण्याला जाणार असेल, तर रक्त सोमवार ते बुधवार यांपैकी एका दिवशी द्यावे. शनिवारी दुपारी दिलेली नळी रविवारभर कुरिअरच्या कार्यालयात पडून राहते. नमुना गोठवायचा नसतो, बर्फाला थेट टेकवायचाही नसतो.

अहवाल हाती आला की चार गोष्टी या क्रमाने पाहाव्यात.

१. आकड्यापुढे "आयएस" म्हणजे आंतरराष्ट्रीय मोजपट्टी असे लिहिले आहे का? नसेल तर तो आकडा दुसऱ्या कोणत्याही अहवालाशी ताडता येत नाही.

२. प्रयोगशाळा मागचीच आहे का? स्वस्त पडते म्हणून दर वेळी नवी प्रयोगशाळा धरली, तर वाढ-घट आजाराची की यंत्राची हे समजत नाही.

३. तुलनेसाठी मोजलेल्या एबीएल जनुकाच्या प्रती किती? त्या १०,००० च्या खाली असतील, तर "आढळले नाही" या शब्दांवर विसंबू नये. नमुना खराब झालेला असू शकतो.

४. मग टक्केवारी. तीन महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांनी १ टक्का किंवा कमी, बारा महिन्यांनी ०.१ टक्का किंवा कमी, हा अपेक्षित मार्ग आहे. सहा महिन्यांनी १० टक्क्यांहून किंवा बारा महिन्यांनी १ टक्क्याहून अधिक असेल, तर उपचार अपुरा ठरतो. मधल्या आकड्यांना सावधानतेचा टप्पा समजून तपासणी लवकर पुन्हा करतात.

दशांश चिन्ह नीट वाचावे. ०.०१ हा आकडा ०.१ पेक्षा दहापट चांगला आहे, पण घरच्यांना तो लांबलचक म्हणून मोठा वाटतो. ०.०२ चा ०.०४ झाला तर "आजार दुप्पट" असे समजून रात्र जागवू नये. एवढा चढउतार तपासणीतच असतो. मात्र एकदा ०.१ च्या खाली गेलेला आकडा पुन्हा वर आला, तर तपासणी लवकर परत करून घ्यावी.

## टप्पा ७: गोळी बदलण्याची वेळ आली तर

क्रम उलटा होऊ देऊ नये. आधी टप्पा ३ आणि ४ परत तपासावेत: गोळ्या मोजाव्यात, जेवणाची वेळ पाहावी, पित्ताची गोळी आणि काढे विचारावेत. महागडी नवी गोळी सुरू झाली आणि जुनी सवय तीच राहिली, तर तिचाही आकडा हलत नाही. त्यानंतर जनुकबदलाची तपासणी, आणि तीही चालू गोळी थांबवण्याआधी. गोळी थांबली की बदललेल्या पेशी इतर पेशींच्या गर्दीत दबतात आणि तपासणीत सापडत नाहीत.

निवड या अहवालावर होते. टी३१५आय निघाला तर इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब यांचा उपयोग नाही. पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिबचा विचार होतो. वाय२५३एच, ई२५५के, एफ३५९व्ही यांत निलोटिनिब टाळतात, व्ही२९९एल आणि एफ३१७एल यांत डॅसाटिनिब टाळतात. नवी गोळी हाती आली की टप्पा ३ मधला तिचा नियम नव्याने लिहून भिंतीवर लावावा. इमॅटिनिबवरून निलोटिनिबवर गेलेला रुग्ण सवयीने जेवणासोबतच गोळी घेत राहतो, आणि ही चूक थेट हृदयावर येते.

## टप्पा ८: गोळी थांबवून पाहणे

काही रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवता येते. त्यासाठी आजार आरंभीच्या टप्प्यातला असावा, आधी एकही गोळी निष्फळ ठरलेली नसावी, जनुकाचा प्रकार नेहमीच्या मोजणीत सापडणारा असावा, इमॅटिनिब किमान पाच वर्षे झालेले असावे आणि पीसीआरचा आकडा सलग तीन वर्षांहून अधिक काळ ०.०१ टक्क्यावर किंवा त्याखाली असावा. यांतली एक अट जरी अपुरी असेल तरी थांबवू नये.

थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला, पुढचे सहा महिने दर दोन महिन्यांनी आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी पीसीआर करावी लागते. म्हणून गोळी वाचली तरी तपासणीचा खर्च वाढतो, हे आधीच हिशेबात धरावे. साधारण निम्म्या रुग्णांत आजार परततो, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच, आणि आकडा ०.१ च्या वर गेला की गोळी लगेच पुन्हा सुरू करतात. वेळेवर सुरू केली तर जवळजवळ सर्वांचा आकडा परत खाली येतो. थांबवल्यानंतरच्या आठवड्यांत काहींचे सांधे आणि स्नायू दुखतात. ते आजार परतल्याचे लक्षण नसते, पण स्वतःहून वेदनाशामक सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

शेवटची गोळी घेण्याआधी पुढच्या सहा नमुन्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहाव्यात, सगळ्या सोमवार ते बुधवार यांतल्या, आणि मुदत शिल्लक असलेल्या महिनाभराच्या गोळ्या घरात ठेवाव्यात.